खाडी, खाडी नवी, खाडी फायनल

विष्णूला हजार नावं आहेत. माझ्या कॉम्प्युटरमधल्या एका आवाजाला तेवढी नाहीत, पण वाटचाल त्याच दिशेनं आहे. खाडी. खाडी नवी. खाडी फायनल. खाडी फायनल खरी. खाडी लग्नसराई. खाडी लग्नसराई जरा उघडी. शिवाय एक नुसतीच 'हीच वापरायची', जी मी कधीच वापरली नाही. ही नावं मीच दिलेली आहेत, शुद्धीत असताना दिलेली आहेत, आणि तरी आज कुणी मला विचारलं की यातली खरी कोणती, तर मी पंखा लावून खाली बसेन.

खरं तर ही हकिगत माझ्या कानांची आहे. पण ती या नावांपासूनच सांगावी लागते, कारण माझे कान गेले हे मला डॉक्टरनं सांगितलं नाही, या नावांनी सांगितलं. ज्याचं पोट कानांवर चालतं त्याला ते शेवटी कळावं, हीही एक गंमतच.

हल्ली सिंथेसायझर, म्हणजे हवा तो आवाज घडवता येणारं वाद्य, विकत आणून टेबलावर ठेवायची गरज नसते. तो कॉम्प्युटरच्या आत प्लगइन म्हणून येतो. पडद्यावर त्याचं चित्र असतं, चित्रावर गोल फिरवायची बटणं असतात. ढीगभर बटणं फिरवून एखादा आवाज मनासारखा जमला, की ती सगळी मांडणी जशीच्या तशी साठवून ठेवायची. तिला प्रीसेट म्हणतात. आमटी जमली की मसाल्याचं माप लिहून ठेवावं, तसंच हे. फरक इतकाच, की बायका तेच माप वर्षानुवर्षं वापरतात आणि माझ्यासारखे लोक दर वेळी त्यात चिमूटभर काहीतरी वाढवून नव्या नावानं साठवतात. जुनं मात्र पुसत नाहीत. आमच्या धंद्यात ही एक अंधश्रद्धाच आहे. प्रीसेट आज पुसला तर उद्या तोच मागायला माणूस येतो.

मागचा पावसाळा संपता संपता माझा जुना कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजायला लागला. चालू केला की पंखा असा घरघरायचा, की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, दळण चाललंय का. नवा आणला. पण नव्यात जुने प्लगइन तसेच्या तसे बसत नाहीत. एकेक प्रीसेट उघडायचा, ऐकायचा, नव्या कपाटात योग्य खणात ठेवायचा. तार एका खणात, बासरी दुसऱ्या, नुसता मागे भरून राहणारा आवाज तिसऱ्या. ज्यांनी भाड्याची घरं बदलली आहेत त्यांना हा प्रकार ठाऊक आहे. माळ्यावरून खोकं काढावं, आणि आत काय आहे हे कळण्याआधीच दमून जावं. मी तर सुरुवातीलाच दमलो होतो.

हे सगळं चालतं ते खारघरच्या आमच्या फ्लॅटच्या छोट्या बेडरूममध्ये. भिंतींना फोम, दाराला आतून गादी, खिडकी कायमची बंद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणी, पार्किंग आणि मी, असे तीन कायमचे विषय आहेत. माझे वडील साताऱ्याकडून सरकारी नोकरीच्या मागे बेलापूरला आले, आणि मी बँकेत चिकटावं एवढीच त्यांची इच्छा होती. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागलो. ऑर्केस्ट्रे बसले, मग घरी बसून गाण्यांचे ट्रॅक, म्हणजे गळ्यामागचं सगळं संगीत, करायला लागलो. शाळांची स्नेहसंमेलनं, नवरात्रातल्या देवीची गाणी, पतपेढीची जाहिरात. आणि सगळ्यात जास्त म्हणजे हळदीची गाणी.

इथे टॉवर कितीही उभे राहोत, मधली गावं आपापल्या जागी आहेत, आणि त्या गावांत लग्नापेक्षा हळद मोठी असते. लग्नाला माणूस जेवून जातो. हळदीला तो नाचतो, आणि कुणाच्या हळदीला कोण किती नाचलं ही चर्चा पुढच्या हळदीपर्यंत पुरते. त्यासाठी दर हंगामात नवी गाणी लागतात. दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नाआधी ती तयार हवीत. माझी अर्धी भाकरी त्या दिवसांत भाजली जाते.

करावे गावची एक गायिका आहे. माझ्याच वयाची. तिची आई धवलारीण होती. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या बरोबरीनं, काहींच्या मते भटजीच्या वरचढ, विधी चालवणारी बाई. ती धवले गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय मांडव उभा राहत नाही. लेकीनं आईचा गळा घेतला आणि माइक हातात धरला. पहिल्या दिवसापासून ती मला 'दादा' म्हणते आणि अरे-तुरे करते. मी तिला 'ताई' म्हणतो आणि अजून अहो-जाहो करतो. मला सवय मोडता येत नाही, आणि तिला ती घडवायची नाही.

फार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा या खोलीत आली, तेव्हा मी तिच्या गाण्याला बेंजोचा आवाज लावला होता. तिनं हातानंच नको म्हटलं.

"बेंजो सगल्यांकडं हाय, दादा. मना तारेचा आवाज पायजे, पन पान्यावरून आल्यासारका. लांबून. भरती असली ना खाडीला, तवा पलीकरचा आवाज कसा येतं, तसा."

मी साताऱ्याकडचा. भरतीला पलीकडचा आवाज कसा येतो हे मला काय माहीत? संध्याकाळी करावेच्या बाजूला खाडीकाठी जाऊन उभा राहिलो. मच्छर चावले, काही कळलं नाही. परत येऊन बटणं फिरवत बसलो, आणि कधीतरी एका दुपारी तो आवाज सापडला. तिला ऐकवला. ती नुसती "हां" म्हणाली. प्रीसेटला मी नाव दिलं, खाडी.

त्यानंतर तिचं प्रत्येक गाणं त्या आवाजानं सुरू झालं. चारच सूर. मांडवात ते वाजले की बसलेल्या बायका पदर खोचून उठतात. मी हे स्वतः पाहिलंय, आणि एरवी स्वतःचं कौतुक करायचा मला कंटाळा असला तरी हे सांगताना बरं वाटतं.

दर दिवाळीनंतर ती नवं गाणं घेऊन यायची. मी मागच्या वर्षीची खाडी उघडायचो, आणि दर वेळी मला ती किंचित मलूल वाटायची. मी मनाशी म्हणायचो, जग पुढे जातंय, सगळ्यांचे आवाज चकचकीत झालेत, आपला मागे पडतोय. मग मी एक बटण जरासं उजवीकडे फिरवायचो. त्याला फिल्टर म्हणतात. आवाजाचा वरचा, धारदार भाग किती बाहेर येऊ द्यायचा ते हे बटण ठरवतं. डावीकडे नेलं की आवाज मिटतो, उजवीकडे नेलं की उघडतो. जरासं उघडलं की माझ्या कानाला पुन्हा ती पहिली खाडी ऐकू यायची. समाधान व्हायचं. नव्या नावानं साठवायचो आणि कामाला लागायचो.

गेल्या काही हंगामांत कुरकुरी सुरू झाल्या होत्या. तळवलीच्या एका डीजेचा फोन आला.

"सर, तुमच्या गाण्याला ट्रेबल कापायला लागतो. पब्लिक कान पकडते."

ट्रेबल म्हणजे तोच वरचा, धारदार भाग. मी त्याला त्याच्या स्पीकरच्या बॉक्सबद्दल चार शब्द सुनावले. गायिका एकदा म्हणाली, "दादा, थोरा टोचतंय." मी म्हटलं, ताई, मोबाइलवर ऐकू नका, मोबाइलवर सगळंच टोचतं. बायको कॉलेजात गणित शिकवते, घरी येऊन पेपर तपासते. तीही दारात येऊन म्हणायची, "अहो, ते सुईसारखं किती वेळ चालणारे?" तिला मी म्हणायचो, गणितवाल्यांना संगीतातलं काय कळतं. एकूण काय, सगळं जग बहिरं झालं होतं आणि एकटा मी शाबूत होतो.

वॉशिंग मशीनची भानगडही तेव्हाचीच. कपडे धुऊन झाले की ते बारीक पिपाणी वाजवतं. ती बंद पडली म्हणून मी कंपनीला फोन करून माणूस बोलावला. त्यानं बटण दाबलं, थोडं थांबला आणि म्हणाला, "वाजतंय की काका." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "वाजतंय." मला वाटलं, तो माणूस उगीच फेरी पडली म्हणून वेळ मारून नेतोय आणि बायको भिडेखातर हो म्हणतेय. त्याला चहा पाजून घालवला. आता ते आठवलं की हसू येत नाही. मशीन तिथे कोकलत उभं होतं, आणि तिघांत एकटा मीच त्याला मुकं ठरवत होतो.

तर प्रीसेटांचं घर हलवणं चाललं होतं. नव्या कपाटाचं सॉफ्टवेअर हुशार आहे. एका जातीचे प्रीसेट ते तारखेप्रमाणे ओळीनं लावतं, आणि बाणाचं बटण दाबत खाली गेलं की एकेक उघडून दाखवतं. दुपारची वेळ होती. खिडकीबाहेरून मेट्रो गेल्याची थरथर जमिनीतून आली. मी सगळ्यात जुन्या खाडीवर उभा राहिलो आणि कंटाळलेल्या हातानं बाण दाबत सुटलो. ऐकतही नव्हतो. नुसतं बघत होतो.

पडद्यावर बाकी सगळी बटणं जागच्या जागी होती. एकटं फिल्टरचं बटण हलत होतं. प्रत्येक नव्या खाडीला ते तांदळाच्या दाण्याएवढं उजवीकडे सरकत होतं. कधी मागे आलं नाही, कधी थांबलं नाही. मी वर गेलो, पुन्हा खाली आलो. शेवटच्या खाडीपर्यंत ते बटण उजव्या टोकाला जाऊन टेकलं होतं. त्यापुढे फिरायला जागाच नव्हती.

आधी वाटलं, सॉफ्टवेअर गंडलंय. मग सनई उघडली, जी दर हंगामात लागते. तिचंही तेच. बासरीचंही तेच. देवीच्या गाण्यांतल्या घंटेचंही तेच. मग एका जाहिरातीसाठी केलेला एक आवाज उघडला. तो मी दोनतीन वर्षं लागोपाठ साठवून मग कायमचा सोडून दिला होता. त्याचं बटण सोडलं तिथेच होतं. ज्याला माझा हात दर वर्षी लागला, तेच तेवढं सरकलं होतं.

मी सगळ्यात पहिली खाडी वाजवली. जाड रजईखालून कुणीतरी तार छेडावी तसं ऐकू आलं. एकेकाळी ह्याच आवाजाला मी उघडा, ओला, पाण्यावरून येणारा म्हटलं होतं. तेव्हा कळलं. आवाज वर्षानुवर्षं मलूल होत नव्हता. मी होत होतो, आणि बटण फिरवून माझं वय त्याच्या गळ्यात घालत होतो.

मी हेडफोन काढून ठेवला. बायको चहा घेऊन आली, तिला काही सांगितलं नाही. चहा प्यालो.

कान तपासायला एका दवाखान्यात गेलो. तिथे एका बाजूला काच असलेली छोटी खोली असते. आत शिरल्या शिरल्या मी भिंतीचा फोम दाबून पाहिला, माझ्या खोलीतल्यापेक्षा हलका होता. तपासणारी मुलगी काचेपलीकडे बसली. माझ्या हातात एक बटण दिलं. कानात आवाज येईल, बारीक असला तरी ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला बरं चाललं. मग आवाज बारीक होत गेले, आणि तिनं दार उघडलं.

"काका, आत्ता आवाज नव्हता. तुम्ही दाबलंत."

"येणार होता ना," मी म्हणालो.

ती गोंधळली. तिला कसं सांगणार? ती आवाज ठराविक अंतरानं सोडत होती, आणि मी जन्मभर ठोके मोजत आलेला माणूस. पुढचा ठोका कुठे पडणार हे माझ्या बोटाला आधीच कळत होतं. कान गप्प बसले तरी बोट तालात दाबत होतं. मग ती मुद्दाम वेडंवाकडं सोडायला लागली, आणि माझा खरा हिशोब बाहेर आला.

तिनं आलेख छापून दिला. डावीकडून रेघ सरळ येते, आणि मध्येच घसरगुंडीसारखी खाली उतरते. हे चित्र मी आयुष्यभर बघत आलोय. फिल्टर मिटवला की सिंथच्या पडद्यावर हुबेहूब हीच रेघ उमटते. ती समजावून सांगत होती की गेलेलं परत येत नाही, यंत्र लावलं तर बोलणं स्पष्ट होईल, संगीताची खात्री मात्र देता येत नाही. मी मान हलवत होतो. मला त्यातलं काही नवीन नव्हतं.

घरी आल्यावर बायकोनं तो आलेख चष्मा लावून पाहिला. तिला आलेख दिला की ती आधी गणिताची बाई होते, मग बायको.

"हा उतार आजचा नाही," ती म्हणाली.

"माहितेय."

"मग करावेच्या ताईंना सांगून टाका. त्यांचं काम येणारे आता."

मी तिला म्हटलं, ते सांगणं सोपं नाही. या पट्ट्यात करावेला कुणी शिंकलं तर तळवलीला रुमाल निघतो. म्युझिकवाल्याला ऐकू येत नाही, हे एकदा गावागावांत गेलं की मला कोण गाणी देणार? आणि या वयात मी दुसरं काय करणार, पतपेढीत चिकटू? बायको म्हणाली, "सुईसारखं वाजतं हे तर त्यांना आधीच कळतंय." आणि पेपर तपासायला बसली. मला तिचा राग आला.

मी एक युक्ती काढली. कानानं नाही तर डोळ्यानं काम करायचं. पहिली खाडी जशीच्या तशी घ्यायची, तिचं बटण तरुण कानांनी लावलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. कुणाला काही कळायचं कारण नाही. दोनतीन दिवस मला या युक्तीनं थोडी झोपही लागली.

गायिका आली ती पनवेलहून खरेदी करून, हातात पिशव्या. माइकसमोर किणकिण होते म्हणून ती गाण्याआधी बांगड्या उतरवून माझ्या टेबलावर ठेवते, तशा तिनं ठेवल्या. खुर्चीत बसली आणि पाय चोळले.

"दादा, ह्या टायमाला गाना कोनाच्या ऑर्डरचा नाय. माज्या पोरीच्या हलदीचा हाय."

मी अभिनंदन केलं. ती हसली नाही.

"त्या दिवशी मी गानार नाय. डीजेवर ह्योच लावायचा. माजी आय गावच्या सगल्या पोरींना धवले गायली. माज्या लग्नाची येल आली, तर तोंडातून शबूद फुटला नाय तिच्या. दुसऱ्या बाईला बोलवला. मी पाटावर बसून बगत व्हते. मना तसा नको. पोरीला माजाच आवाज पायजे, आनि तो टोचायला नको."

ट्रॅक लावला आणि पहिली खाडी वाजवली. माझ्या कानाला रजईखालची तार. ती डोळे मिटून ऐकत होती.

"ह्यो जुना हाय," ती म्हणाली.

"आवडला?"

"आवडला. पन बसत नाय. ढोलाखाली बुडतंय. थोरा वर घे."

हे मी धरलंच नव्हतं. तेव्हाचं गाणं हलकं होतं आणि वरच्या पट्टीत होतं. आताचं खालच्या पट्टीतलं, भरदार ढोलाचं. जुनं माप नव्या आमटीला पुरत नाही. कुठेतरी मधली जागा शोधायला हवी होती, आणि ती डोळ्यानं सापडत नाही. मी बटण थोडं फिरवलं. ऐकलं. आणखी फिरवलं. बटण हलताना दिसत होतं, आवाज हलताना कळत नव्हता. ती वाट बघत होती. अंदाजे कुठेतरी सोडून 'झालं' म्हणता आलं असतं. पण हे गाणं कुठल्या आईचं आहे ते मला आत्ताच कळलं होतं.

"ताई," मी म्हणालो, "मला ह्यातलं वरचं ऐकू येत नाही. बटण फिरतंय ते दिसतं. आवाज फिरतो ते कळत नाही."

ती खुर्चीत पुढे सरकली.

"कवापासना?"

"बरीच वर्षं झाली. मला या पावसाळ्यात कळलं."

"मी तुना बोलले व्हते, टोचतंय. तू मोबाइलला नाव ठेवलास."

"हो."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. ती म्हणेल, बरं, मग दुसरीकडे बघते. म्हणाली असती तरी मी तिला दोष दिला नसता. तिनं टेबलावरच्या बांगड्या उगीच एका रेषेत लावल्या.

"दादा, तू दर सालाला माजी पट्टी उतरवतोस. मना सांगितलास कं कदी?"

मी चमकलो. ते मला वाटत होतं तिच्या लक्षात आलेलं नाही. तिचा गळा वरच्या सुराला चिरायला लागला, तेव्हापासून ती यायच्या आधीच मी ट्रॅक थोडा खाली उतरवून ठेवतो. कधी बोललो नाही. बोलायचं काय त्यात?

"मना कलायचा," ती म्हणाली. "घरी पेटीवर बगायची ना मी. पन बरा वाटायचा, तू बोलत नाय ते. मंग मी पन सगल्या डीजेवाल्यांना सांगून ठेवला, ट्रेबल तुमी कापा, दादाला फोन करू नका. तो तलवलीचा येडा, त्यानी आयकला नाय."

मला त्या तळवलीच्या पोराला सुनावलेलं आठवलं आणि कान तापले. तेवढं अजून जमत होतं त्यांना. हसावं की तोंड लपवावं ते कळेना. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकमेकांच्या उणिवा झाकत बसलो होतो, आणि त्यापायी गावोगावच्या डीजेंना कामाला लावलं होतं.

तिनं खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली.

"तू फिरव. मी सांगते."

मी ट्रॅक पुन्हा सुरुवातीला नेला. बटण पार मिटवलं आणि हळूहळू उघडत गेलो. ती "अजून" म्हणत होती. मग "अजून थोरा." मग "थांब." मग "जरा खाली." मला या सगळ्यात एकच आवाज ऐकू येत होता, खालचा धपका आणि त्यावर तारेची नुसती सावली. मी चाळीस वर्षांचा अनुभव वगैरे सगळं गुंडाळून ठेवलं आणि सांगेल तसं फिरवत राहिलो. दमलेल्या माणसाला सांगेल तसं करण्यात एक विसावा असतो, हेही मला त्या दिवशी कळलं.

"हां," ती म्हणाली.

मी साठवलं. मग ती माइकपुढे उभी राहिली आणि गायली. एकदाच गायली, दुसऱ्यांदा घ्यायला तिनं हातानं नकार दिला. परत शेजारी येऊन बसली, आणि मी सगळं एकत्र करून पहिल्यापासून वाजवलं.

चार सूर आले असणार. पडद्यावर त्यांच्या रेघा उमटल्या. मला मात्र ते पुसट, मिटलेले, जवळजवळ काहीच नसल्यासारखे वाटले. मी पडद्याकडे बघणं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. चौथा सूर संपायच्या आत तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं. म्हणजे आवाज बरोबर लागला होता.